गोध्र्याचा फोटोग्राफर धुंडिराज

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, मंडळाच्या छायाचित्र प्रदर्शनाच्या निमित्ताने झालेल्या भाषणाचा मजकूर)



आरती आत्ताच झाली आहे आणि प्रसाद अजून वाटायचा आहे. म्हणजे भाषण संपेपर्यंत कोणी उठून जाणार नाही, याची मंडळाने पुरेशी काळजी घेतलेली दिसते.

मी प्राध्यापक नाही आणि कलेचा जाणकार तर अजिबात नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केला, गुजरात सरकारच्या मार्ग-मकान विभागात लागलो आणि रस्ते, नाले, शाळांच्या खोल्या यांची मोजमापे घेण्यात इतकी वर्षे गेली. फोटोशी माझा संबंध एवढाच की आमच्याकडे प्रत्येक कामाचे तीन फोटो फाइलला लागतात. कामापूर्वी, काम चालू असताना आणि काम पूर्ण झाल्यावर. त्यात टेप दिसली पाहिजे आणि तारीख दिसली पाहिजे, बाकी कशाला महत्त्व नाही. तरी चिटणीसांनी मला उभे केले, कारण प्रदर्शन लावताना शिडी धरायला मी होतो आणि लोक काय बोलत होते ते मी ऐकले होते.

डाव्या हाताच्या भिंतीवरचे फोटो आपल्याच मंडळातल्या एका मुलाने काढले आहेत. त्याचे नाव फलकावर आहे, पण भाषणात घेऊ नका असे त्याने मला बजावले आहे. हा मुलगा आठवडाभर रिंग रोडवरच्या मार्केटसाठी साड्यांच्या कॅटलॉगचे फोटो काढतो. सकाळी मॉडेल येते, संध्याकाळपर्यंत ढीगभर साड्या नेसून होतात, रात्री ते फोटो व्यापाऱ्यांच्या मोबाइलवर देशभर जातात. सुरतेत त्या कामाला मरण नाही. रविवारी मात्र तो आजोबांच्या वेळचा, रोल घालायचा कॅमेरा घेऊन निघतो आणि आपल्याच लोकांची जुनी घरे, जुनी भांडी, जुनी माणसे टिपतो. रोल महाग म्हणून एका रविवारी पाच-सहा फोटोच काढतो आणि घरच्या मोरीत अंधार करून स्वतः धुतो. त्याच्या आईची त्यावरची मते मी इथे सांगत नाही.

शिडीवरून मी काय ऐकले? एक काका म्हणाले, "अरे, सगळी पडकी घरं आणि म्हातारी माणसं. सणासुदीला काहीतरी प्रसन्न लावायचं!" एक वहिनी आपल्याच घरचा फोटो बघून म्हणाल्या, "एवढा नवा फ्लॅट सजवलाय आम्ही, आणि याला काय दिसलं तर पाटा-वरवंटा!" आणि मुलाचे वडील माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "साहेब, हे स्मरणरंजन वगैरे ठीक आहे. पण पंचविशीच्या पोराने मागे बघत बसायचं म्हणजे काय?"

वडिलांचा प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर द्यायला मला एका दुसऱ्या मुलाची गोष्ट सांगावी लागेल. तोही मराठी, तोही गुजरातेत, वयही साधारण हेच, आणि धंदाही फोटोग्राफीचा. त्याचे नाव धुंडिराज. आज गणपतीसमोर उभे राहून हे नाव घ्यायला बरे वाटते, कारण धुंडिराज हे गणपतीचेच नाव. आडनाव फाळके.

दादासाहेब फाळके म्हटले की आपल्याला १९१३ आणि 'राजा हरिश्चंद्र' एवढेच आठवते. टोपी, मिशी आणि त्यांच्या नावाचा पुरस्कार. पण तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते, म्हणजे जवळजवळ माझ्या वयाचे. त्याआधीची जी वर्षे, माणूस घडण्याची, त्यातली पुष्कळशी गेली आपल्या गुजरातेत. ही गोष्ट आपण गुजरातेतल्या मराठी लोकांनी तरी लक्षात ठेवायला हवी होती.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. घरात पोथ्या, पुराणे, पूजाअर्चा. पुढे वडिलांना मुंबईत अध्यापनाची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आले. १८८५ साली धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि पुढच्याच वर्षी थोरल्या भावाबरोबर बडोद्याला आले. बडोद्यात सयाजीराव महाराजांचा काळ. १८९० मध्ये तिथे कलाभवन सुरू झाले. कारखान्याची, रंगाची, यंत्राची विद्या देशी भाषेत शिकवायची, असा त्यामागचा विचार. त्याची सूत्रे ज्यांच्या हातात होती ते प्रोफेसर त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर मूळचे आपल्या सुरतचे.

गज्जरांची आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. १८९६ साली मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले. ते काही केल्या निघेना. शेवटी रसायनशास्त्राच्या जोरावर ते काढले ते गज्जरांनी. फासणारे पुण्याचे दामोदर चापेकर होते, हे नंतर उघड झाले. म्हणजे मराठी माणसाने फासले आणि सुरती माणसाने काढले. दोघांनीही आपापले काम चोख केले, एवढेच आपण आज म्हणू.

तर या गज्जरांनी तरुण फाळक्यांचा कल ओळखला. कलाभवनाचा फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा त्यांच्या हाती दिली. ठसे तयार करणे, फोटो-लिथो, तीन रंगांची छपाई शिकायला त्यांना रतलामला पाठवले. १८९२ च्या अहमदाबादच्या प्रदर्शनात फाळक्यांनी नाट्यगृहाची प्रतिकृती करून ठेवली, तिला सुवर्णपदक मिळाले, आणि ती आवडलेल्या एका रसिकाने त्यांना एक महागडा कॅमेरा भेट दिला. बघा, नाट्यगृहाचे मॉडेल केले म्हणून कॅमेरा मिळाला. पुढच्या सगळ्या आयुष्याची कुंडलीच त्यात आहे.

१८९५ मध्ये त्यांनी ठरवले की आता फोटोग्राफीवरच पोट भरायचे, आणि त्यासाठी ते पंचमहालातल्या गोध्र्याला गेले. का गेले असतील हे आपल्यातल्या धंदेवाल्यांना सांगायला नको. मोठ्या शहरात स्पर्धा, लहान गावात नवलाई. पण ते सगळे करायचे कसे होते तेही ऐका. काचेच्या प्लेटा, त्या लाल दिव्याच्या उजेडात धुवायच्या. कागदावरचा ठसा उन्हात धरून उमटवायचा. समोरच्या माणसाने निदान एक-दोन सेकंद तरी हलायचे नाही. आपल्या पणजोबांच्या फोटोत सगळे रागावल्यासारखे दिसतात ना, ते रागावलेले नसत. हलू नका असे त्यांना सांगितलेले असे, आणि कित्येकदा डोक्यामागे आधाराला लोखंडी दांडीही असे.

आणि मग प्लेग आला. फाळक्यांची पहिली पत्नी आणि मूल त्या साथीत गेले. तिशीच्या आतबाहेरचा माणूस, परक्या गावात मांडलेला धंदा, आणि घर रिकामे.

प्लेग हा शब्द दुसऱ्या गावात समजावून सांगावा लागत असेल, सुरतेत लागत नाही. १९९४ च्या सप्टेंबरात मी शाळेत होतो. इथे बसलेल्या कितीतरी जणांनी त्या आठवड्यात मिळेल ती गाडी धरून धुळे, जळगाव, नंदुरबार गाठले होते. स्टेशनवर तोंडाला रुमाल बांधलेली गर्दी, घराला कुलूप, आणि परत येऊ की नाही ते माहीत नाही. आपण परत आलो. फाळक्यांच्या वेळी औषध नव्हते.

ते बडोद्याला परतले आणि पुन्हा स्टुडिओ मांडला. तो चालेना. कारण असे की फोटो काढल्याने माणसाच्या अंगातली शक्ती कॅमेरा ओढून घेतो आणि आयुष्य कमी होते, अशी तेव्हा पक्की समजूत. राजघराण्यातल्या एकानेही याच भीतीने फोटो काढून घ्यायला आधी नकार दिला होता, आणि फाळक्यांनी फोटोचे फायदे दरबारात पटवून दिले तेव्हा कुठे तो तयार झाला, असे त्यांच्या चरित्रात येते. मला यात एक गोष्ट फार लागते. ज्याच्या घरातली दोन माणसे मरण न विचारता घेऊन गेले, त्यालाच लोक सांगत होते की तुझ्या यंत्राने माणसे मरतात. आणि त्याने काय करावे? उठून पुन्हा समजावून सांगावे की नाही हो, यात माणूस मरत नाही, उलट राहतो.

धंदा बसला म्हणून माणूस बसला नाही. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले आणि पुढे आपले आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' म्हणून प्रयोगही केले. १९०२ मध्ये दुसरे लग्न झाले, त्या सरस्वतीबाई. १९०३ मध्ये सरकारी नोकरी लागली, पुरातत्त्व खात्यात, फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून. हे वाचले तेव्हा मला आपला माणूस भेटल्याचा आनंद झाला. पडकी लेणी, देवळे, शिलालेख यांची मोजमापे आणि फोटो, म्हणजे आमचेच काम, फक्त 'काम पूर्ण' हा तिसरा फोटो नाही. पण माझा आनंद टिकला नाही, कारण स्वदेशीच्या वाऱ्यात १९०६ साली त्यांनी ती नोकरी सोडली. तीन वर्षे! पेन्शनचा विचार करणारा माणूस भारतीय सिनेमा काढू शकला नसता, हे मी इथे माझ्या सहकाऱ्यांच्या वतीने मान्य करतो.

पुढे लोणावळ्याला छापखाना, राजा रविवर्म्याच्या प्रेससाठी काम, जर्मनीहून आणलेली यंत्रसामग्री, भागीदाराशी मतभेद, आणि मग मुंबईत तंबूत बघितलेला ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट. हा भाग सगळ्यांना माहीत आहे, तो मी गाळतो. त्यातली माझ्या विषयाची गोष्ट एवढीच. पडद्यावर ख्रिस्त बघताना त्यांना दिसू लागले राम आणि कृष्ण. हातात जगातले नव्यातले नवे यंत्र यायचे होते, आणि मन कुठे गेले? त्र्यंबकेश्वरच्या घरात, लहानपणी ऐकलेल्या पुराणात.

मुलाच्या वडिलांना मला हेच सांगायचे आहे. ज्याला आपण मागे बघणे म्हणतो, ते फाळक्यांच्या बाबतीत पुढे जाण्याचे इंधन होते. त्या काळात आधुनिक दिसायचे तर साहेबी विषय घेणे सोपे होते. त्यांनी विषय घेतला आजीच्या तोंडचा आणि तंत्र घेतले लंडनचे. आणि तंत्रात तडजोड केली नाही. पैसे उभे करायला त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा कोंब कसा वाढतो ते रोज थोडे थोडे टिपून पडद्यावर मिनिटा-दोन मिनिटांत वाढणारे झाड दाखवले. आज मोबाइलमध्ये ते बटण दाबून होते. त्यांनी ते चिकाटीने केले, आणि पुढे फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतचे काम सरस्वतीबाई करत होत्या. त्या बाईंनी दागिनेही दिले. आपल्याकडे मोरीवरून कुरकुर करणाऱ्या माउलीला हे कोणीतरी सांगा. मी सांगणार नाही.

फाळक्यांमधला स्टुडिओ फोटोग्राफर शेवटपर्यंत गेला नाही, असे मला वाटते. १९१९ चा 'कालिया मर्दन' मिळाला तर जरूर बघा. त्यात बाळकृष्णाचे काम त्यांच्या लहानग्या मुलीने, मंदाकिनीने केले आहे. चित्रपटाच्या सुरुवातीला कथा नाही, काही नाही. नुसता त्या मुलीचा चेहरा, आणि त्यावर एकामागून एक बदलत जाणारे भाव. कॅमेरा हलत नाही. समोर बसवलेले मूल आणि पलीकडे बाप. गोध्र्याच्या स्टुडिओत बसवत असतील तसेच. शंभर वर्षांनी मी ते बघितले आणि गोष्ट सुरू होण्याआधीच माझा घसा दाटला. पौराणिक चित्रपट म्हणून तो केला गेला खरा, पण मला तो आधी एका घरच्या मुलीचा फोटो वाटला.

आता आपल्या मुलाकडे वळतो, कारण त्याची नुसती स्तुती करायला मी उभा नाही. त्याने काही फोटोंना तपकिरी छटा दिली आहे. जुने वाटावे म्हणून. ही हल्ली सगळ्यांचीच आवड आहे. मोबाइलवर कालच्या वडापावचा फोटोसुद्धा लोक शंभर वर्षे जुना करून पाठवतात. पण हा तपकिरी रंग मुळात आला कुठून? काळ्या-पांढऱ्या फोटोत चित्र उमटते ते चांदीच्या बारीक कणांनी. ही चांदी हवेने, ओलाव्याने खराब होते. म्हणून जुने फोटोग्राफर ठसा गंधकयुक्त रसायनात बुडवून चांदीचे सल्फाइड करत, ते जास्त टिकाऊ असते, आणि त्याचा रंग तपकिरी. काही जण तर सोन्याचा क्षार वापरत. म्हणजे तो रंग उदास वाटावे म्हणून नव्हता. नातवंडांपर्यंत फोटो पोचावा म्हणून त्या माणसाने जास्तीचा खर्च केला होता. आपण त्याची काळजी सोडून दिली आणि रंग तेवढा उचलला.

म्हणून मला त्या भिंतीवरचा सर्वांत आवडलेला फोटो तपकिरी नाही. तो त्या वहिनींच्या घरचाच आहे. अडाजणच्या चौथ्या मजल्यावरची गॅलरी, त्यात वॉशिंग मशीन, आणि मशीन हलू नये म्हणून त्याच्या खाली दाबून बसवलेला पाटा. शेजारी सासूबाई उभ्या आहेत आणि त्यांचा हात मशीनवर नाही, खाली पाट्याच्या कडेवर टेकला आहे. वहिनी, त्याने तुमचा फ्लॅट सोडला नाही. फ्लॅट आहे, मशीन आहे, आणि अमळनेरहून टेम्पोत आलेला पाटाही आहे. तिन्ही एका चौकटीत बसवायला मला आमच्या खात्याचे तीन फोटो लागले असते.

याच संदर्भात आपल्या शेजारच्या एका बाईंचे नाव घेतो. 'राजा हरिश्चंद्र' ज्या १९१३ साली आला, त्याच वर्षीच्या डिसेंबरात नवसारीला एका पारशी घरात होमाई यांचा जन्म झाला. पुढे त्या होमाई व्यारावाला, आपल्या देशाच्या पहिल्या महिला छायाचित्र-पत्रकार. त्याही जे. जे. मध्ये शिकल्या. सुरुवातीचे त्यांचे फोटो पतीच्या, माणेकशांच्या नावाने छापले जात. १९४२ मध्ये दिल्लीला गेल्या, आणि स्वातंत्र्याच्या काळातल्या मोठ्या घटना त्यांनी टिपल्या. १९७० मध्ये कॅमेरा ठेवून दिला, पुढची कित्येक वर्षे बडोद्यात शांतपणे राहिल्या, झाडे लावली, स्वतःची कामे स्वतः केली. पद्मविभूषण मिळाले ते २०११ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी, आणि पुढच्या जानेवारीत त्या गेल्या.

नेहरू, माउंटबॅटन यांचे त्यांनी काढलेले फोटो प्रसिद्ध आहेत. पण मला त्यांचे विशीतले फोटो जास्त जवळचे वाटतात. मुंबई, कलाशाळेतल्या मैत्रिणी, आपल्या कामात रमलेल्या मुली. काढले तेव्हा त्यात जुने काही नव्हते. ती त्या दिवशीची साधी मुंबई होती, आणि एका मुलीने ती नीट, आदराने, घाई न करता पाहिली. जुनेपणा नंतर काळाने घातला, फुकट. तेव्हा आपल्या मुलाला माझे एवढेच म्हणणे आहे, बाबा रे, तपकिरी करू नकोस. तू नीट बघतोस. साठ वर्षांनी ते फोटो आपोआप जुने होतील. मॉडेलच्या साड्यांचे फोटोसुद्धा सांभाळून ठेव. कपड्यांच्या मार्केटात रात्री नऊ वाजता हमाल गठ्ठ्यांवर कसे टेकून बसतात, तेही काढ. लिंबायत, उधना, डिंडोलीत आपल्या खानदेशी माणसांच्या चाळी आहेत, लूमचे खाते आहे, नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळा आहेत. त्या शाळांचे वर्ग अजून भरतात, तोवर काढ.

आता थोडे आपल्या सर्वांच्या घरचे बोलतो, कारण 'राजा हरिश्चंद्र' देखील आज पूर्ण शिल्लक नाही. देशाच्या पहिल्या चित्रपटाची ही गत, तर आपल्या कपाटाच्या वरच्या कप्प्यातल्या अल्बमची काय कथा!

ऑगस्ट २००६ चा पूर इथे कोण विसरेल? उकाईचे पाणी सुटले आणि सुरतेचा बहुतेक भाग पाण्यात गेला. तेव्हा मी नोकरीत नवा होतो, पाणी ओसरल्यावर पाहणीच्या कामाला घरोघर जायचो. यादी करायची होती भिंती, छपरे, धान्य, जनावरे यांची. लोक ते सगळे सांगत. पण नावडी ओवारा, रांदेर, अडाजण, कुठेही गेलो तरी ओट्यावर एकच दृश्य असे. दोरीवर, चादरीवर, खाटेवर वाळत घातलेले फोटो. लग्नाचे, मुंजीचे, बारशाचे. रंगीत फोटोंचा बहुतेक ठिकाणी चिकट लगदा झालेला, पिवळा-जांभळा. जाड कागदावरचे जुने काळे-पांढरे त्यामानाने तग धरून होते. एका घरी आजी एकेक फोटो पदराने टिपत होत्या आणि मला म्हणाल्या, "टीव्ही गेला लिही, फ्रीज गेला लिही. हे कुठल्या रकान्यात लिहिणार?" फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता.

म्हणून आपल्या या मुलाने मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवला आहे, आणि कार्यकारिणीने तो मंजूर केला आहे. गणेशोत्सव झाला की दर रविवारी सकाळी दहा ते एक तो याच सभागृहात कॅमेरा आणि दिवे लावून बसेल. तुम्ही तुमचे जुने फोटो आणायचे, तो त्यांची प्रत घेईल आणि मूळ फोटो तिथल्या तिथे तुमच्या हातात परत देईल. पैसे नाहीत. मंडळाच्या संगणकावर एक प्रत राहील, एक तुमच्या मुलांच्या मोबाइलवर जाईल. कोणता फोटो इतरांना दाखवायचा आणि कोणता नाही, ते तुम्ही सांगायचे, तसेच होईल. आपल्यात पेशवाईपासूनची घराणी आहेत, ताप्ती व्हॅली रेल्वे झाल्यावर आलेली आहेत आणि पॉवरलूमच्या लाटेत आलेलीही आहेत. सगळ्यांचे अल्बम शेजारी शेजारी आले तर सुरतेतल्या मराठी माणसाचा इतिहास तयार होईल. तो दुसरे कोणी लिहायला येणार नाही.

शिडी धरणाऱ्याच्या अधिकारात काही सूचना देतो. अल्बममध्ये घट्ट चिकटलेला फोटो ओढून काढू नका, अल्बमसकट आणा. दोन फोटो एकमेकांना चिकटले असतील तर नखाने सोडवू नका, तसेच आणा. काचेच्या फ्रेममधला फोटो काचेला धरला असेल तर काच काढायचा प्रयत्न घरी करू नका. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फोटोत कोण कोण आहे ते आजच, घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारून लिहा. डावीकडून पहिला कोण, मांडीवर कोण, साल कोणते, गाव कोणते. फोटोच्या पाठीवर लिहायचे तर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने आणि कडेला. बॉलपेनने नको, त्याची रेघ पुढच्या बाजूने उठते.

पहिल्या रविवारी पहिला नंबर त्या वहिनींच्या सासूबाईंचा लागला आहे. त्या सत्तेचाळीस फोटो घेऊन येणार आहेत आणि प्रत्येकाबद्दल त्यांना काहीतरी सांगायचे आहे, तेव्हा बाकीच्यांनी अकरानंतर यावे.